डेकवरचे चाकांचे माग

पन्हाळ्याच्या उतरणीवरचं हे घर आम्ही घेतलं ते मागच्या डेकसाठी. सागवानी फळ्यांचा, दरीकडे पुढे आलेला, कठडा असलेला. सासूबाईंना मात्र तो पहिल्या दिवसापासून पटला नाही. "उनापावसात लाकूड उघडं कशाला ठेवायचं?" त्या म्हणाल्या होत्या.

पहिल्या पावसाळ्यानंतर डेकवर शेवाळ धरलं. मी आणि नवऱ्यानं सोड्याच्या पाण्यानं फळ्या घासल्या. हिरवा थर निघून गेला आणि खाली दोन काळपट रेघा दिसल्या. दारापासून थेट कठड्यापर्यंत गेलेल्या, आणि तिथं गोल वळलेल्या.

"कपाट ओढलं असेल," नवरा म्हणाला.

शेजारच्या बाई कुंपणापलीकडून बघत होत्या. "कपाट कसलं? त्यांच्या पोरीची चाकाची खुर्ची. रोज सांजच्याला तितंच बसायची. गेली की ती."

घर विकणाऱ्या त्या नवरा-बायकोनं आम्हाला मुलीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

फळ्या वाळल्यावर नवऱ्यानं पॉलिश पेपर मारला. रेघा गेल्या. मग जवसाचं तेल लावलं, आणि ते मुरता मुरता त्या परत वर आल्या, आधीपेक्षा गडद.

त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही, पण रेघांवर पाय द्यायचं आम्ही टाळू लागलो. खुर्च्या एका बाजूला सरकल्या. संध्याकाळी गारठा पडला की फळ्या करकरायच्या. लाकूड आकसतं, हे मला माहीत होतं. तरी तो आवाज दाराकडून कठड्याकडे सरकत गेला की माझं भाजी निवडणं थांबायचं. सासूबाई देवापुढं दिवा लावायच्या आणि मागचं दार ओढून घ्यायच्या.

हिवाळ्यात एका दुपारी घर विकणारी ती बाई, त्या मुलीची आई, आली. "पन्हाळ्याला आलतो, म्हटलं घर बघून जावं." तिनं चप्पल काढली आणि सरळ डेकचं दार गाठलं. लेकीची खूण बघायला आली असेल, असं मला वाटलं. मी म्हणाले, "काकू, रेघा आहेत हं अजून."

तिचा चेहरा एकदम उतरला.

"काढलं न्हाईसा व्हय?"

"घासल्या होत्या. जात नाहीत."

"आमी बी घासलं. ती गेल्यावर घासतच हुतो दोघं. जाईनात, म्हणून तर घर इकलं." तिनं चौकट धरली. "वाटलं, दुसऱ्याच्या हातानं गेलं असंल. डोळ्यानं एकदा बघावं आनि मोकळं व्हावं."

सासूबाईंनी चहा आणला. तिनं तो आत बसून, डेककडे पाठ करून घेतला आणि लगेच निघाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं स्क्रू काढले आणि रेघांच्या सगळ्या फळ्या उलटवून बसवल्या. खालची बाजू कोरी होती. घासून, वाळवून तिला तेल पाजलं. काही उमटलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच तिला फोन लावला.

"काकू, आता काही दिसत नाही बघा."

"नव्या फळ्या घातलासा?"

"नाही, त्याच उलट्या केल्या. रेघा खाली गेल्या."



"म्हंजे हाय की अजून," ती म्हणाली. तिला बरं वाटलं की वाईट, ते मला आवाजावरून कळलं नाही. मी काही विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.

सासूबाई आता सकाळी कठड्यापाशी खुर्ची टाकून ऊन खात बसतात. मागचं दार संध्याकाळीही उघडं असतं. मी अजून तिथं बसलेली नाही. डेक झाडत त्या जागेपाशी पोचले की केरसुणी आपोआप हळू होते. खाली कुणी निजलं असावं, तशी.