बाइंडरच्या लेकीच्या शेवटच्या दोन फेऱ्या

तिचे वय सतरा, उंची बेताची, आणि आवाज इतका हळू की दुकानदार तिला प्रत्येक वस्तू दोनदा मागायला लावतात. सगळे तिला मुंगी म्हणतात. हे नाव आत्याने ठेवले. लहानपणी ही पोर पटासमोर बसली की हलताना कुणाला दिसत नसे, पण थोड्या वेळाने पाहावे तर तिचे प्यादे पटाच्या पार पलीकडे पोहोचलेले असायचे. देव कुणाला गळा देतो, कुणाला बळ देतो. हिला त्याने बसणे दिले. आणि बसणे म्हणजे काय थोडे दान आहे? मन जागेवर बसावे म्हणून माणसे जन्मभर नामस्मरण करतात. या मुलीचे मन पट मांडल्याबरोबर जागेवर यायचे.

वडील बाइंडर. रस्त्याला लागून एक लांबट खोली, तीच कार्यशाळा. दाराशी कागद कापायचे यंत्र, मधोमध उंच टेबल, कोपऱ्यात पुस्तके दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि हवेत कायम खळीचा आंबूस वास. खिडकीखाली आत्या बसते आणि सुई-दोऱ्याने जुजबंदी करते, म्हणजे घडी केलेले छापील ताव एकमेकांना शिवते. हात सुईवर आणि जीभ साऱ्या जगावर. मुंगीला आई आठवत नाही. आठवते ती हीच आत्या आणि हेच टेबल. सहा वर्षांची असल्यापासून तिच्याकडे एक काम होते. तावांचा गठ्ठा उभा धरायचा, टेबलावर ठोकायचा, चारी कडा बोटांनी सारख्या करायच्या. एक ताव केसाएवढा पुढे राहिला तरी पुस्तक वाकडे कापले जाते. वडील म्हणायचे, "डोळ्यांनी नको बघूस, बोटांना कळलं पाहिजे." आणि बोटांना कळू लागले.

बुद्धिबळही तिला याच टेबलावर भेटले. कुणीतरी एक फाटके पुस्तक बांधायला टाकून गेला आणि परत आलाच नाही. त्या पुस्तकात फक्त डावाचे शेवट होते: पटावर चार-पाच मोहरी उरली की राजाने कुठे जावे, प्याद्याने कधी थांबावे. इतर मुले डाव सुरू करायला आधी शिकतात. ही आधी डाव संपवायला शिकली. त्यामुळे सुरुवातीला ती अडखळते, हे साऱ्या खेळाडूंना ठाऊक होते. शेवटी ती काय करते, हे फार थोड्यांनी पाहिले होते, आणि ज्यांनी पाहिले ते आपली हार कशाला सांगत फिरतील?

तर अशी ही मुलगी त्या वर्षी खुल्या स्पर्धेत उतरली. एका शाळेचे व्यायामगृह, लाकडी जमीन, भिंतीला दोर बांधून वर ओढलेले झोके, आणि सत्तर टेबलांवर एकशेचाळीस खेळाडू. पाच दिवस, नऊ फेऱ्या. पहिला येईल त्याला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत थेट प्रवेश. जागा एकच. दुसऱ्याला टाळ्या, तिसऱ्याला शाबासकी, पण जागा एकालाच. आदल्या वर्षी ही जागा मुंगीची अर्ध्या गुणाने हुकली होती. वर्षभर तो अर्धा गुण तिच्या उशाशी होता.

सात फेऱ्यांनंतर तिचे सहा गुण झाले. तिच्या पुढे एकच माणूस होता, साडेसहा गुणांवर: दातांचे डॉक्टर, तीन वेळचे विजेते, गोरेगोमटे, हसतमुख.

"त्यांच्यासमोर जांभई देऊ नकोस हो," आत्या म्हणाली. "आत डोकावून दात मोजतील."

आठव्या फेरीत मुंगीसमोर निवृत्त पोस्टमास्तर आले. या एका डावात सुरुवातही तिला साधली. दोन तासांत पोस्टमास्तरांचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. घाम पुसत ते पाणी प्यायला उठले. चाल मुंगीची होती. ती विचारात बुडाली. इतकी बुडाली की भोवतीचे व्यायामगृह विरघळून गेले. आणि सज्जनहो, नेमके तेव्हा, जे अकरा वर्षे घडत आले होते ते घडले. तिचा घोडा आपल्या घरात जरासा तिरका उभा होता. बोटे आपणहून पुढे गेली आणि त्यांनी तो सरळ केला.

या खेळाचा नियम कडक आहे. मोहरे नीट करायचे असेल तर आधी तोंडाने "नीट करते" म्हणायचे आणि मग हात लावायचा. न बोलता ज्याला हात लागला, तेच मोहरे खेळावे लागते. आणि तो घोडा तर सारा डाव पेलून उभा होता!

समोरची खुर्ची रिकामी होती. पंच बाई सहा टेबले पलीकडे होत्या. शेजारचे दोघे आपापल्या पटात डोके खुपसून बसले होते. साऱ्या व्यायामगृहात त्या स्पर्शाला एकही साक्षी नव्हता.

मुंगीने घड्याळ थांबवले आणि हात वर केला.

पंच बाई आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, चष्मा दोरीने गळ्यात. "काय झालं?"

"मी घोड्याला हात लावला. नीट करत होते. पण बोलले नाही."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मुलीकडे नीट पाहिले. तेवढ्यात पोस्टमास्तर परतले. हकिकत ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर आधी संकोच आला आणि मागोमाग, लपवता न येणारा, आनंद आला.

"बेटा, मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण चाळीस वर्षं नोकरी केली. पेटीत पडलेलं पत्र मी कुणाला परत काढू दिलं नाही. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही."

"घोडा खेळावा लागेल," पंच बाई म्हणाल्या.

घोडा हलला. कोंडलेला राजा मोकळा झाला, आणि वर मुंगीचे एक प्यादेही गेले. जिंकलेला डाव आता हरायला आला. पुढचे तीन तास ती फक्त तग धरून राहिली. मोहरी घटत गेली, पट रिता होत गेला, आणि पट जसजसा रिता झाला तसतशी ती आपल्या घरी आली. पोस्टमास्तरांचे जास्तीचे प्यादे शेवटपर्यंत जास्तीचेच राहिले. त्याला पुढची वाट मिळाली नाही. अखेर त्यांनीच बरोबरीसाठी हात पुढे केला. पलीकडच्या पटावर डॉक्टरांनीही बरोबरी केली होती. डॉक्टर सात, मुंगी साडेसहा. नववी फेरी आता या दोघांतच होती: त्यांना बरोबरी पुरेशी, हिला जिंकल्यावाचून गत नाही.

संध्याकाळी मुंगी, वडील आणि आत्या कार्यशाळेत परतले तेव्हा आत्याचा बांध फुटला.

"कोण बघत होतं गं? भिंतीवरचे झोके? सांगितलंस कशाला?"

"आत्या, सांगितलं नसतं तर ती जागा मिळूनसुद्धा मी अभिमानानं कुणाला दाखवली असती?"

"मला दाखवली असतीस! मी काही विचारलं नसतं."

उद्या द्यायच्या वह्यांचा गठ्ठा वडिलांनी उचलला, टेबलावर ठोकला आणि तसाच खाली ठेवला.

"तो हात मी लावला," ते म्हणाले. "सहा वर्षांची होतीस. खेळायचं वय. मी तुझ्या बोटांना हे वळण लावलं. आज माझ्या कामानं तुझा डाव घालवला."

मुंगी त्यांच्याजवळ गेली. हळू आवाजाची ती मुलगी, पण त्या वेळी तिचा शब्द खिडकीपर्यंत स्पष्ट पोहोचला. "बाबा, हात चांगलाच आहे. तोंड विसरलं. आणि डाव गेला कुठे? बरोबरी झाली ना. ती याच टेबलानं शिकवली."

आत्याने सुई ओवायला तोंड फिरवले. सुई बराच वेळ ओवली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नववी फेरी. पहिल्या पटाभोवती दोरी बांधलेली, दोरीपलीकडे माणसांची दाटी. मुंगी आली, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली. चाल करायची तेव्हा उजवा हात काढायचा, चाल करायची, घड्याळ दाबायचे आणि हात परत मांडीखाली.

डॉक्टरांना गंमत वाटली. "थंडी वाजतेय का?"

"नाही. त्यांना शिक्षा झालीय."

डॉक्टर मोकळेपणी हसले आणि खेळू लागले. पांढरी मोहरी त्यांची. त्यांचा बेत साधा होता: मोहऱ्याला मोहरे मारायचे, पट रिकामा करायचा आणि बरोबरी खिशात घालून घरी जायचे. उंट गेले, घोडे गेले, वजीर समोरासमोर आले आणि दोन्ही गेले. विसाव्या चालीला ते म्हणाले, "बरोबरी?"

"नको. खेळू या."

"अगं, उरलंय काय पटावर?"

"आहे थोडं."

दोरीपलीकडे कुजबुज झाली. ही पोर वेडी आहे का? सारखी प्यादी, सारखे हत्ती. यात जिंकायचे काय? पण माझ्या मायबापांनो, समुद्राच्या काठावर उभ्या माणसाला पाणीच पाणी दिसते, आणि त्याच पाण्यात नावाड्याला वाट दिसते. मुंगीचे डोळे उघडे होते आणि उघड्या डोळ्यांनीच तिचे ध्यान लागले होते. राजा एक घर. पुन्हा एक घर. हत्ती मागे. घाई नाही, उसासा नाही, घड्याळाकडे चोरटी नजर नाही. दीड तास असा गेला. डॉक्टरांचे हसू हळूहळू ओठांवर वाळले. त्यांनी उरलेला हत्तीही मारामारीला काढला: एकदाचे हे संपू दे! मुंगीने हत्ती घेतला, त्यांनी तिचा घेतला.

आता पटावर दोन राजे आणि मूठभर प्यादी. मधली सगळी प्यादी एकमेकांना भिडून थिजलेली. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर सोडून, अरुंद गल्लीत भेटलेल्या दोन हट्टी माणसांसारखे. जो आधी बाजूला होईल त्याच्या घरात दुसरा शिरणार. चालायला मोकळे होते ते फक्त एकाच कडेचे, समोरासमोरचे एकेक प्यादे. डॉक्टरांचे मागेच एक घर पुढे आले होते. मुंगीचे अजून जन्मजागी होते, आणि जन्मजागी असलेल्या प्याद्याला मुभा असते: एक घर चालावे किंवा एकदम दोन.

चाल मुंगीची. घड्याळात चार मिनिटे.

"दोन घरं टाक, दोन!" दोरीपलीकडे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणाला, आणि पंच बाईंनी चष्म्यावरून अशी नजर टाकली की तो माणूस दोन पावले मागे सरला.

मुंगीने हात काढला. प्यादे उचलले. एकच घर पुढे ठेवले.

डॉक्टर पटावर वाकले. मिनिट गेले, दोन गेली. मग त्यांनी आपले कडेचे प्यादे एक घर सरकवले. दुसरे काही उरलेच नव्हते. मुंगीने आपले आणखी एक घर. दोन्ही प्यादी भिडली, थिजली. आणि चाल पुन्हा डॉक्टरांची!

काय हे नवल! माणूस देवापाशी मागतो, मला संधी दे, माझी पाळी येऊ दे. आणि इथे त्या भल्या माणसाची पाळी आली हेच त्याचे संकट होते. चाल नसती तर राजा तिथेच उभा राहिला असता, कुणी त्याला हलवू शकले नसते. पण चालावे लागते. या खेळात कुणालाही "मी बसतो" म्हणता येत नाही. एका घराने सारा फरक केला होता. मुंगीने दोन घरे टाकली असती तर ही पाळी तिच्यावर आली असती.

डॉक्टरांनी राजाला बोट लावले, काढले नाही, आणि सावकाश बाजूला सरकवले. मुंगीचा राजा आत शिरला. एक प्यादे पडले. दुसरे पडले. तिसऱ्याची वाट डॉक्टरांनी पाहिली नाही. त्यांनी घड्याळ थांबवले आणि हात पुढे केला.

"ते एक घर," ते म्हणाले, "तुला कधी दिसलं?"

"तुम्ही शेवटचा हत्ती काढलात ना, तेव्हा."

"म्हणजे दरवाजा मीच उघडला!" त्यांनी कपाळावर हात मारला. मग दोरीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मंडळी, तीस वर्षं मी लोकांना 'दुखणार नाही' म्हणत आलो. आज कळलं, दुखतं!"

व्यायामगृह हास्याने भरून गेले, आणि हास्यामागून टाळ्या आल्या. सत्तर टेबलांवरून लोक उठले. पोस्टमास्तर आपला चालू डाव टाकून उभे राहिले आणि पंच बाईंनी त्यांना खाली बसवेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. आत्या दोरीखालून वाकून आत घुसली. "आजी, आत यायला मनाई आहे," एक स्वयंसेवक म्हणाला. "आजी कुणाला म्हणतोस रे?" म्हणत तिने त्याला बाजूला सारले आणि मुंगीचे डोके आपल्या छातीशी असे दाबले की तिला श्वास घेता येईना.

वडील दोरीपाशीच उभे होते. पंच बाईंनी फलकावर खडूने निकाल लिहिला: मुंगी साडेसात, डॉक्टर सात. पहिल्या ओळीत लेकीचे नाव. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशासाठी पालकांची सही लागेल," पंच बाईंनी पुकारले. "पालक कोण?"

"मी!" वडील म्हणाले, इतक्या मोठ्याने की मुंगीने आत्याच्या मिठीतून मान वर काढली. आयुष्यात प्रथमच तिने बाबांना ओरडताना ऐकले होते, आणि ते हसत होते.