सातच्या खाली न उतरणारा माणूस

आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या साऱ्या कारखानदारांनी मिळून जेवढी माणसं ओळखली नसतील, तेवढी गटारं हा एकटा माणूस ओळखत होता. चेंबरचं झाकण उचलायच्या आधी तो नुसता वाकायचा, नाक पुढे करायचा आणि आत कोणाच्या कारखान्याचं पाणी आहे ते सांगायचा. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आम्ही छोट्या कारखानदारांनी वर्गणी काढून सांडपाणी शुद्ध करायचं एक सामाईक केंद्र उभं केलं होतं. उभं केलं म्हणजे करावं लागलं. हौस कोणालाच नव्हती. प्रत्येकाने आपलं पाणी तिथे पाठवायचं आणि तिथून ते साफ होऊन खाडीत जायचं, अशी व्यवस्था. त्या केंद्रावर हा केमिस्ट. संगमेश्वराकडचा, वाळक्या अंगाचा, एकटा राहणारा. सगळे त्याला केमिस्टसाहेब म्हणत. मी रागात असलो की वेगळं काहीतरी म्हणत असे, आणि मी बहुतेक वेळ रागातच असे.

माझा प्लेटिंगचा कारखाना. सायकलच्या हँडलांवर, नळांवर, कुलपांवर निकेल चढवून ती चकचकीत करायची. कुर्ल्याला दुसऱ्याच्या पॉलिशच्या चाकावर बोटं झिजवून मी स्वतःचा गाळा घेतला. भाव केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण या गृहस्थापुढे माझी कला चालत नसे. धुतलेल्या मालाचं माझं पाणी आंबट असायचं, म्हणजे त्यात तेजाब उतरलेलं असायचं. ते सोडण्याआधी चुना घालून त्याचा पीएच सातपर्यंत आणा, असं त्याने सांगितलं. मी चारपासून सुरुवात केली. साडेचारवर आलो, पाचवर आलो, खुर्चीतून उठून जायचं नाटक केलं, परत बसलो आणि शेवटचे म्हणून साडेपाच सांगितले. तो शांतपणे चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "सात." असा माणूस भाजीवाला झाला असता तर उपाशी मेला असता.

त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लिटमसच्या पट्ट्या असत आणि त्या कशात बुडतील याचा नेम नव्हता. माझ्या मुलीच्या लग्नात, वाशीच्या हॉलमध्ये, दोनशे माणसांच्या पंगतीत त्याने मठ्ठ्याच्या वाटीत पट्टी बुडवली. आचारी धावत माझ्याकडे आला, कारण त्याला वाटलं सरकारी माणसाची धाड पडली. पट्टी उजेडाकडे धरून पाहुणा म्हणाला, "आंबट आहे, पण मठ्ठा आहे म्हणून सोडतो." व्याही आजही मला विचारतात की ते कोण होते.

केंद्रावर मीटर होते. पण मीटरला जीव नसतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून साफ झालेल्या पाण्याच्या काचेच्या टाकीत तो निवटे पाळायचा. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. तो चिखलातही मजेत राहतो, मग तो ज्या पाण्यात मरेल ते पाणी कसं असेल याचा विचार करा, असं तो आम्हाला ऐकवायचा. निवटे करावे गावातली एक कोळीण आणून द्यायची. ती एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "यो मानूस मावरा इकत घेतो न् खाय नाय, निसता बघीत बसतो. याला कोनतरी बायको बघा." मी हसलो. तो नाही हसला. ती गेल्यावर मला म्हणाला, "शेठ, खाडी हा आपल्या वसाहतीचा शेवटचा गाळा आहे. तिथे ही बाई कामाला आहे."

त्यानेच मला तीन टाक्यांची रीत शिकवली. माल पहिल्या टाकीतून तिसऱ्या टाकीकडे न्यायचा आणि धुण्याचं पाणी तिसरीकडून पहिलीकडे आणायचं. पाणी निम्म्याने कमी लागू लागलं आणि गटारात जाणारं निकेल माझ्याकडेच राहू लागलं. ही कल्पना माझीच आहे, असं मी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. त्याने ऐकलं, तरी एकदाही दुरुस्ती केली नाही.

आणि याच माणसाने माझं गटार बंद केलं. एका सोमवारी सकाळी टाकीतले निवटे मेलेले निघाले आणि आमच्या रांगेच्या चेंबरमध्ये पाणी हिरवं दिसलं. निकेलचं पाणी हिरवं असतं. एरवी हा माणूस दोनदा तपासल्याशिवाय बोलत नसे, पण त्या दिवशी त्याने डोळ्यांवर भरवसा ठेवला आणि माझ्या सांडपाण्याच्या नळाला सील लावलं. माझ्याकडे एका मोठ्या सायकल कंपनीची पहिली ऑर्डर होती. ती गुरुवारी पोहोचली तर कायमचं गिऱ्हाईक, नाहीतर काही नाही. मी ओरडलो, हातापाया पडायचा बाकी राहिलो. पाणी सोडता येत नाही म्हणजे टाक्या रिकाम्या होत नाहीत, आणि टाक्या रिकाम्या होत नाहीत म्हणजे माल निघत नाही. गुरुवार गेला, गिऱ्हाईक गेलं.

गुरुवारी संध्याकाळी तो स्वतः आला. माझ्या सगळ्या कामगारांसमोर उभा राहून म्हणाला, "शेठ, पाणी तुमचं नव्हतं. पलीकडच्या गाळ्यातल्या रंगवाल्याने रविवारी पिंप ओतलं होतं. चूक माझी." आणि त्याने सील काढलं. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच रागात केंद्र चालवणाऱ्या आमच्या कारखानदारांच्या संघटनेला पत्र दिलं, या माणसाला काढा म्हणून.

आठवड्याने अध्यक्ष म्हणाले की काढायची गरजच नाही, त्याने राजीनामा दिलाय, तुमचं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी. मला बरं वाटायला हवं होतं. मी वाशीला त्याच्या खोलीवर गेलो. पत्र परत घेतो म्हणालो. तो म्हणाला, पत्राचा प्रश्न नाही. न तपासता सील लावणारा हात त्या नळांवर नको. मग मी माझ्या पद्धतीने बसलो. अर्धा दिवस या म्हणालो. फक्त सकाळी या. सोमवारपुरते या. नुसते निवट्यांकडे बघायला या. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याची चूक कमी भरावी म्हणून तासभर घासाघीस केली. तो ढिम्म हलला नाही.

निघताना म्हणाला, "शेठ, त्या तीन दिवसांत तुमचं पाणी मी पुन्हा पुन्हा तपासलं. वसाहतीत इतकं चांगलं पाणी कुणाचं नाही."

त्याच्या तोंडून असलं काही कधी कोणी ऐकलेलं नव्हतं. धंदेवाल्याच्या सवयीने मी ते लेखी मागणार होतो. पेनही काढलं होतं. मग ते तसंच खिशात ठेवलं आणि जिना उतरलो.