दुधाच्या पिशवीसकट धावणारा नंदू

आमचा शेजारी नंदू पहाटे धावायला जाताना हातात दुधाची कापडी पिशवी घेऊन जायचा. तुम्हाला वाटेल, येताना दूध आणत असेल. छे! दूध त्यांच्या दारात रतीबाने यायचं. पिशवी होती ती गावाला दाखवायला. समोरून कोणी येताना दिसलं, की हा लगेच चालायला लागायचा, पिशवी जरा पुढे धरायचा आणि कोणी विचारायच्या आत सांगून मोकळा व्हायचा, "दूध संपलं हो." नवराबायको दोनच माणसं घरात. ह्यांना एवढं दूध लागतं तरी कशाला, असा प्रश्न वाडीत बऱ्याच जणांना पडला होता.

त्यात मुंबईच्या लेकीने त्याला बूट पाठवलेले, ते पोपटी रंगाचे. मी एकदा म्हटलं त्याला, अरे, असले बूट घालून दूध आणायला कोण जातं? तर म्हणाला, "वहिनी, अंधारात कोण बघतंय?" बूट कसले, ते अंधारातच जास्त दिसायचे.

मी आता पुण्याला मुलाकडे असते, पण चाळीस वर्षं रत्नागिरीत आमचं आणि नंदूचं कुंपण एकच होतं. बाजारात त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. त्याच्यासाठी फणसाच्या लाकडाची खुर्ची मुद्दाम बनवून घेतलेली, कारण प्लास्टिकच्या खुर्च्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. खाण्यात त्याचा हात धरणारा आमच्या वाडीत कोणी नव्हता. पंगतीत वाढपी त्याच्या पानापाशी आला, की पुढची माणसं निमूट वाट बघत बसायची. लोक कौतुक करायचे, हा आणखी खायचा. गुडघे गेले, साखर वाढली, रात्री झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा कुठे बायकोने, सुनीताने, त्याला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी पोटाचा बराचसा भाग कापून ते लहान करायचं ऑपरेशन सांगितलं. ते झालं पावसाच्या तोंडावर. गावात सांगितलं, हर्निया.

खरं माहीत होतं ते सुनीताला, लेकीला आणि मला. मला सांगण्यावाचून इलाजच नव्हता, आमच्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. सुरुवातीला नुसती पेज, मग वाटीभर घोटलेली डाळ, आणि तीसुद्धा चमच्या-चमच्याने. "असलं काही लपवायचं कशाला?" असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी, कळलं की म्हणतील, खाताना सुटला होता, आता पोट कापून घेऊन आला. आजारी म्हणाले तरी चालेल, पण हसायला नको."

आणि लोक आजारीच म्हणाले! माणूस दर महिन्याला झडत चालला, शर्ट लोंबायला लागले, गालफडं बसली. बाजारात कुजबुज सुरू झाली, की नंदूला मोठं काहीतरी झालंय, घरचे बोलत नाहीत. भेटायला माणसं येऊ लागली. एकाने देवळातला अंगारा आणला. निवृत्त पोस्टमास्तर तर त्याचा हात हातात घेऊन अर्धा तास गप्प बसले आणि जाताना हळूच विचारून गेले, दुकान पुढे कोण बघणार? नंदू आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसला. मला मात्र ते हसणं तितकं खरं वाटलं नाही.

दिवाळीपासून तो धावायला लागला. डॉक्टरांनी चाल म्हटलं होतं, पळायची हौस ह्याची. कारण विचाराल, तर शिमगा.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. नंदूच्या घरापासून वर जाते ती चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी, आणि पाखाडीच्या टोकाला त्याच्या आत्याचं घर. त्या चढावर पालखीचा पुढचा डावा खांदा त्यांच्या घराण्याचा. नंदूचे वडील देत, मग नंदू देऊ लागला. पण वजन वाढत गेलं, आणि एका वर्षी अर्ध्या पाखाडीत त्याचा दम तुटला, पालखी कलंडता कलंडता राहिली. तेव्हापासून त्याचा खांदा चुलतभावाकडे गेला, आणि नंदू नारळांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने वळसा घालून आत्याच्या दारी पालखीच्या आधी पोचायला लागला. खांदा नसला तरी पहिली पोळी मात्र तोच खायचा. त्यावरून लोक चेष्टा करायचे, तोही हसायचा. पण मी बघितलंय, पालखी चढताना दिसली की तो अंगणातून आत निघून जायचा.

आत्या म्हणजे त्याची आईच. आई लवकर गेली, ह्याला तिने भरवून मोठा केला. ऐंशी उलटली तरी हात चालता. दर शिमग्याला सकाळी खाली नंदूच्या घरी यायची, पुरणपोळ्या करायची, खांदेकऱ्यांना नारळाच्या गोड दुधात बुडवून वाढायची आणि मग पालखीच्या स्वागताला रिक्षाने आपल्या घरी जायची. उपाशी पोटी देवीला खांदा द्यायचा नाही, हा तिचा कायदा. "दादाच्या खांद्यावरून यायची, तशी तुझ्या खांद्यावरून पुन्हा एकदा येऊ दे रे," हे ती दर वर्षी म्हणायची.

ऑपरेशननंतरचा पहिला शिमगा. नंदू तयारीत होता. पाखाडी रोज पहाटे पिशवीसकट चढून-उतरून त्याला पायरी न् पायरी पाठ झाली होती. खांदा परत घेतो म्हणाला, चुलतभाऊ बिचारा खुशीने बाजूला झाला. आणि मग आत्या आली पोळी घेऊन. वाळलेल्या भाच्याकडे बघून तिचे डोळे भरलेले. त्याला गोड चालत नव्हतं, एकदम गोड पोटात गेलं की घाम फुटतो, छाती धडधडते, हे डॉक्टरांनी बजावलेलं. सुनीता दारातून खुणा करून थकली. पण आत्याच्या हाताला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. तिने घास भरवला, त्याने खाल्ला. दुसरा भरवला, तोही खाल्ला.

अर्ध्या पाखाडीत तो पांढराफटक पडला. चुलतभावाने वेळेवर खांदा घातला म्हणून बरं. पालखी वर गेली आणि नंदू पायरीवर घामाने निथळत बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसले होते. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, धावणं सोपं हो. ताटावर हात आडवा धरणं जमत नाही."

झालं, गावाची खात्रीच पटली. आत्या नवस बोलली आणि तिने भाच्याला ताकद यावी म्हणून रोज डबा धाडायला सुरुवात केली. लाडू, शिरा, तुपात भिजलेल्या पोळ्या. टाकायचं कसं? ते डबे कुंपणावरून माझ्याकडे यायचे. त्या वर्षी नंदूचं वजन उतरलं आणि माझं चढलं. माझ्या मुलाने फोनवर फोटो बघून विचारलं, आई, तुझी तब्येत सुधारलीय का गं? काय सांगणार! मी नंदूला बजावलं, आता तू तरी खरं बोल, नाहीतर मला त्या डॉक्टरचा पत्ता दे.

वर्ष फिरलं. पुन्हा शिमगा, खांदा पुन्हा नंदूने मागून घेतलेला, पुन्हा तीच पंगत. ओसरीवर खांदेकरी जेवत होते, मी पाट मांडत होते. आत्या पोळी घेऊन नंदूसमोर बसली. आणि नंदूने ताटावर हात आडवा धरला.

"नको, आत्ये."

"अरे, एवढीशी तर आहे."

"आत्ये, मला आजार नाही झालेला. माझं पोट कापून लहान केलंय. मीच करून घेतलं. माझ्याच्याने खाणं आवरेना, म्हणून."

ओसरीवरचे हात जागच्या जागी थांबले. पोस्टमास्तर तिथेच होते, त्यांचा घास तोंडाशी राहिला. मला वाटलं, आता कोणीतरी हसणार. हा माणूस दोन वर्षं ज्या हसण्याला भीत होता ते आता येणार, आणि आज तो खांदाही घेणार नाही, घरातच बसणार.

आत्याने पोळी ताटलीत ठेवली. पदराला हात पुसले. त्याच्या पोटावर, शर्टावरून, हात ठेवला आणि विचारलं, "दुखलं का रे खूप?"

दोन वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आम्हाला माहीत असून आम्हीही नाही, आणि गावाला माहीतच नव्हतं. नंदू तिच्या मांडीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. कोणी हसलं नाही. मग आत्याने पोळीचा नखाएवढा तुकडा मोडला, म्हणाली, "एवढा चालेल? देवीचा म्हणून." तेवढा त्याने खाल्ला. तेवढा चालतो.

पालखी त्याच्या खांद्यावरून वर गेली. कुठेही थांबली नाही. आत्याने देवीची ओटी भरली, आणि मग भाच्याचा शर्ट बाजूला करून लाल झालेला खांदा बराच वेळ बघत उभी राहिली. मी रडले, सांगायला लाज कसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक वाजलं. बाहेर नंदू, पायात ते पोपटी बूट. हातातली पिशवी त्याने माझ्या फाटकाला अडकवली.

"वहिनी, ही ठेवा तुमच्याकडे. परत मागायला आलो तर देऊ नका."

रस्त्यावर पोस्टमास्तर फिरायला निघाले होते. सवयीने त्यांनी विचारलं, दूध संपलं वाटतं? नंदू थांबला नाही, चालायलाही लागला नाही. "नाही हो, धावतोय," म्हणाला आणि हात हलवत पुढे गेला.

त्याने पिशवी परत कधी मागितली नाही. पुण्याला येताना मी ती घेऊन आले. मी तिच्यातून दूध आणते.