साडेपाचचा फोन

मुलगा आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात असतो. ते गाव आमच्या नेवाशाएवढंच, किंबहुना थोडं धाकटंच. मधून नदी, एक चर्च, आणि सहाच्या ठोक्याला शटर ओढणारे दुकानदार. तिथली माणसं संध्याकाळी पाचला रात्रीचं जेवण उरकतात, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "मग झोपेपर्यंत करतात तरी काय?" आमच्याकडे पाचला बाजाराची पिशवी घेऊन माणूस घराबाहेर पडतो.

तो तिथं वृद्धाश्रमात कामाला आहे. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. मी इथं तेच करते, फक्त माझी ड्युटी कधी सुटत नाही. एप्रिलमध्ये यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून मुलाला एकच सांगायचं होतं, की आता माझ्याच्यानं होत नाही, तू परत ये. रोज ते ओठांवर यायचं आणि रोज मी म्हणायचे, "आमचं बरं चाललंय."

दुपारी एकला त्याचा जेवणाचा ब्रेक. तेव्हा तो व्हिडिओ कॉल करायचा, आमच्याकडे साडेपाच वाजलेले असत. हे एसटीत ड्रायव्हर होते. उभ्या नोकरीत गाडी सुटायच्या पंधरा मिनिटं आधी सीटवर बसलेले असायचे. ती खोड झटक्यानंही गेली नाही. सव्वापाचला यांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवावं लागे. मुलानं बापाला खाटेवर पडलेलं बघू नये, हा यांचा हट्ट, आणि खरं सांगायचं तर माझाही. खाटेवरून खुर्चीत नेता नेता माझ्या कमरेचं भुस्काट झालं. पण फोनवर आम्ही दोघं फोटो काढायला बसल्यासारखे ताठ.

ऑक्टोबर संपता संपता एका रविवारी साडेपाच वाजले आणि फोन आला नाही. पावणेसहा झाले.

"टाइम... झाला," हे म्हणाले.

"गाडी लेट हाय. खाटेवर घेऊ का तुमाला?"

यांनी नको म्हणून मान हलवली. ड्युटीवरचा माणूस सीट सोडत नाही. सहा वाजले, सव्वासहा झाले. मान कलायला लागली तरी यांचा नकार कायम. मी चिडून दूध उतरवायला आत गेले आणि मागे धपकन आवाज झाला.

हे डाव्या अंगावर फरशीवर पडले होते. रक्त नव्हतं. मी काखेत हात घालून दोनदा उचलून बघितलं, जमलं नाही. शेजारचे सुट्टीला गावी गेलेले. शेवटी मी यांच्याजवळ फरशीवरच बसले. राग आला होता. मुलाचा, यांचा, त्या शर्टाचासुद्धा. इतकी दमले होते की रडायचंही सुचेना.

साडेसहाला फोन वाजला.

"आई, आज इथं घड्याळं तासभर मागं केली गं. हिवाळ्यात करतात. तुला सांगायचंच राह्यलं."

आमच्याकडे शेतातल्या मोटारींची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. माणसं मुकाट्यानं त्याप्रमाणे उठतात-झोपतात, पण घड्याळाला कोणी हात लावत नाही. तिकडे लाखो लोकांनी एका रात्रीत काटे फिरवले आणि इकडे माझा माणूस तासभर जास्त बसून खाली आला. मी फोन यांच्याकडे वळवला.

मुलाचा आवाजच बदलला. संथ, कामावरचा आवाज. हा मी कधी ऐकला नव्हता. तिथल्या म्हाताऱ्यांना रोज ऐकायला मिळत असणार.

"पप्पा, माझ्याकडं बघा. डोकं आपटलं का? कुठं दुखतंय? आई, उजव्या हातानं तुझं बोट दाबायला सांग."

यांनी बोट दाबलं. डोकं आपटलं नाही, अशी खूण केली.

"आता डोक्याखाली उशी दे, अंगावर चादर टाक. आणि एकटीनं उचलू नको."

"मग काय करू?"

"कुणालातरी हाक मार. आमी इथं कधीच एकट्यानं उचलत न्हाई. नियमच हाय तसा. दोघं लागतात."

"व्हय, लागतात," मी म्हणाले. "इथला दुसरा तूच हायेस. मला आता व्हत न्हाई रे. ये तू."

बोलून गेले आणि यांच्याकडे बघायची हिंमत होईना. मग फरशीवरूनच, चुरगळलेल्या शर्टात, वाकड्या तोंडानं हे म्हणाले, "ये."