तुरीची अळी, रेशमाची अळी

धम्मप्रिया मूळची सोलापूरची. वडील टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात होते. लेक रसायनशास्त्रात डॉक्टर झाली आणि गावाकडेच, जैविक कीडनाशकं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली.

तिच्या गटाने तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी जिवाणूंपासून एक औषध तयार केलं होतं. माणसाला, गुरांना त्याचा त्रास नव्हता. पहिली मोठी फवारणी मैंदर्गीच्या शिवारात ठरली. पंप भरले, आणि धम्मप्रियाला बांधापलीकडे हिरवीगार तुती दिसली. ती बसम्माची. बसम्मा रेशीमकिडे पाळायची.

रेशीमकिडा म्हणजे शेवटी अळीच. वाऱ्याने थोडे तुषार तुतीवर गेले तर? तिने पंप खाली ठेवायला लावले.

फोनवर तिचे वरिष्ठ, आदिनाथ सर, वैतागले. "वारा पडल्यावर मारा की."

"आधी तपासू द्या सर. नंतर तपासलं तर तो पंचनामा होईल."

प्रयोगशाळेत तिने औषधाचा अगदी पातळ थर दिलेली पानं किड्यांना घातली. त्यांनी खाणं सोडलं, मग एकेक करत सगळे मेले. आपल्याच औषधाविरुद्ध तिने अहवाल दिला. हंगाम वाया गेला. ऑफिसात काही जण तिच्याशी बोलेनासे झाले.

तिने दुसरी वाट धरली. फक्त तुरीच्याच अळीला रोग आणणारा एक विषाणू आधीपासून माहीत होता, पण सोलापूरच्या उन्हात तो पानावर टिकत नसे. इथे तिचं रसायनशास्त्र कामी आलं. अख्खा उन्हाळा ती गच्चीवर वेगवेगळी आवरणं उन्हात ठेवून बघत राहिली. शेवटी उसाच्या मळीतल्या एका घटकाने विषाणू तगला. मग रेशीमकिडे, मधमाश्या, गांडुळं, मासे, साऱ्यांवर तपासूनच ती पुन्हा मैंदर्गीला गेली.

"माज्या किड्यांना काय व्हणार न्हाय न्हवं, मॅडम?" बसम्माने विचारलं.

"मी हितंच राहते. रोज दोघी मिळून बघू."

किडे कराकरा पानं खात राहिले, वेळेवर कोष विणायला लागले. तुरीतल्या अळ्या मात्र फांद्यांना उलट्या लटकून मेल्या. शेंगा टच्च भरल्या. पांढऱ्याशुभ्र कोषांची रास दाखवताना बसम्मा म्हणाली, "लई झ्याक उतरलं बगा."

आदिनाथ सर स्वतः शेतावर आले. शेंग सोलून दाणे बघत म्हणाले, "तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो."

"ठाऊक होतं, सर."

"आता तुझ्या सहीशिवाय कुठलंच औषध शेतात जाणार नाही."

धम्मप्रिया मनापासून हसली. आज ती कंपनीने त्यासाठीच काढलेल्या तपासणी विभागाची प्रमुख आहे. मैंदर्गीत बसम्माच्या दोन शेजाऱ्यांनी यंदा नवी तुती लावली, तुरीला अगदी लागून.