तपासणीपुरता कारखाना

हळदीच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा शर्ट पुन्हा पांढरा होत नाही. किश्शांचंही तसंच, धुवायला जावं तर आणखी रंग सुटतो! मी हिंगोलीबाहेरच्या एका हळद कारखान्यात फिटर आहे. गावाकडं, शिरड शहापूरला, सलूनमध्ये नंबर लावून बसलो की कोणीतरी म्हणतंच, "सांग ना बे कारखान्यातलं!" मी हसत सुरू करतो आणि दुसऱ्या किश्शापर्यंत माझंच डोकं तापतं. तेव्हा तुम्हीही जरा जपून हसा.

*

साहेब, म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टर, येणार असले की आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. सकाळी गेटातून शिरताच फिनेलचा वास आला, की समजायचं आज तपासणी. तपासणी अचानक असते म्हणे! असेल. पण आमचे मॅनेजर त्या अचानकसाठी आदल्या दिवशीच नारळपाणी आणून ठेवतात.

त्या दिवशी कपाटातून मास्क निघतात. एरवी बायका नाकाला पदर बांधून काम करतात, खोकला आला तर तोही पिवळा येतो. तपासणीला मात्र पांढरेशुभ्र मास्क, आणि संध्याकाळी मोजून परत!

एकदा साहेब कांताबाईपुढं थांबले. कांताबाई निवडणीवरच्या बायकांची म्होरकी. माहेर हट्टा गावचं, आणि जीभ अशी की तिच्यावर विळ्याला धार लावावी.

"बाई, मास्क रोज लावता ना?"

मागं मॅनेजर डोळे वटारून उभे.

"व्हय साहेब. तुमी ज्या रोजी येता, त्या रोजी रोज लावतो!"

साहेब म्हणाले, "व्हेरी गुड!" आणि पुढं गेले. विचारलं होतं, पण ऐकायचं कुठं होतं माणसाला!

*

आमच्या शेडला दार एकच. आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार पाहिजे, असं एका तपासणीत निघालं. मॅनेजरनी पेंटर बोलावला. त्यानं मागच्या भिंतीवर मोठा हिरवा बाण काढला, वर लिहिलं, 'आपत्कालीन मार्ग'. बाण थेट भिंतीत!

पुढच्या तपासणीला साहेबांनी विचारलं, "दार कुठंय?"

"सर, बाण झालाय. दार पुढच्या वर्षी करू."

माझ्या शेजारी मारोती उभा होता. मेंढरं विकून कारखान्यात आलेला, हळद पॉलिश करायच्या ड्रमवर काम करणारा शांत गडी. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, म्हंजे आगीलाबी पुढच्याच वर्षी ये म्हणायचं का?"

आम्ही तोंड दाबून हसलो. पण शेडमध्ये पूड अशी उडते की समोरचा माणूस धूसर दिसतो, आणि त्यात एक ठिणगी पडली तर काय होईल हे फिटरला कोणी शिकवावं लागत नाही. बाण अजून आहे. भिंतही आहे.

*

ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असायला हवी. आमच्याकडंही होती, तपासणीपुरती! साफसफाईला वेळ जातो म्हणून साहेबांची गाडी वळली की जाळी काढायची. मी दोनदा मॅनेजरच्या तोंडावर बोललो. "तू फिटर आहेस, मालक होऊ नको," एवढंच उत्तर मिळालं.

एका दुपारी मारोतीचा हात त्या पट्ट्यात गेला.

मी मेन स्विच पाडला, त्याला खाली बसवलं आणि प्रथमोपचाराच्या पेटीकडं पळालो. पेटीला कुलूप! चावी मॅनेजरकडं, आणि मॅनेजर नांदेडला लग्नात. मी पान्यानं कुलूप फोडलं. आत काय असावं? उदबत्तीचा पुडा, कापूर आणि काडेपेटी. मशीनच्या पूजेचं सामान!

शेवटी कांताबाईनं आपला पदर फाडून हात बांधला. हॉस्पिटलला नेताना मी जीपमध्ये मारोतीला धरून बसलो आणि मॅनेजरना फोन लावला. सगळं ऐकून त्यांचा पहिला प्रश्न:

"पण कुलूप काहून फोडलं?"

*

मॅनेजर हॉस्पिटलात आले ते लग्नातल्याच कपड्यांत. मारोतीच्या कानाशी वाकले. "डॉक्टरनं विचारलं तर सांग, बैलगाडीच्या चाकात हात गेला. नोकरी पाहिजे ना?"

पट्टी झाल्यावर डॉक्टर कागद घेऊन आले. "कसं झालं हे?"

मारोती वेदनेनं पांढरा पडला होता. "बैलगाडीच्या चाकात गेला म्हणतेत."

"म्हणतेत काय? गाडी तुमचीच ना?"

"न्हाई साहेब. माह्याकडं गाडी न्हाई, बैल न्हाई. मेंढरं होती, तीबी इकली. पण मॅनेजर साहेब म्हणून राहिले, तर आसंल!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मॅनेजरना बाहेर काढलं आणि खरं तेच लिहून घेतलं. पण उजव्या हाताची दोन बोटं गेली ती गेलीच. आता मारोतीला गेटवर बसवलंय. "हलकं काम दिलं त्याला," असं मॅनेजर पाहुण्यांना कौतुकानं सांगतात.

तपासणीची गाडी आली की मारोती उठतो आणि त्याच हातानं सलाम ठोकतो. साहेबांनी प्रत्येक वेळी सलाम घेतला. हाताकडं एकदाही पाहिलं नाही!

*

मग त्या साहेबांची बदली झाली आणि मॅडम आल्या. फिनेल, नारळपाणी, बुके, सगळं तयार. मॅडम शेडभर फिरल्या, फारसं बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, "बायकांचं टॉयलेट?"

मॅनेजरनी ऐटीत दाखवलं. बंद दारावर गुलाबी अक्षरांत नवीकोरी पाटी, 'महिला'.

"एकदम क्लीन आहे मॅडम. फोटो घेऊन टाका."

"फोटो नको. मला जायचंय."

मॅनेजर चावी शोधायला लागले. हा खिसा, तो खिसा. मॅडमनी कडी ओढली तर कुलूप नुसतं अडकवलेलं! दार उघडलं. आत बारदानाच्या थप्प्या, पार छतापर्यंत.

"मॅडम, माझ्या ऑफिसमध्ये चांगली सोय..."

"या बायका तुमच्या ऑफिसमध्ये जातात?"

तेवढ्यात कांताबाई पाण्यानं भरलेलं टमरेल घेऊन पुढं आली. "चला म्याडम. आमी जातो तिकडं."

तिकडं म्हणजे शेडमागं, वेड्या बाभळींत. पलीकडून रस्ता, रस्त्यावर ट्रक. मला वाटलं, मॅडम आता रागानं गाडीत बसतील. त्यांनी साडी जरा वर खोचली आणि कांताबाईच्या मागं चालायला लागल्या! चार बायका लगबगीनं सोबत गेल्या, आडोशाला पदर धरायला. आम्ही गडीमाणसं भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. मान वर करायची लाज वाटत होती.

मॅडम परत आल्या. साडीला काटे लागलेले. त्यांनी नळावर हात धुतले, टमरेल पुन्हा काठोकाठ भरलं आणि मॅनेजरच्या हातात दिलं.

"आता तुम्ही जाऊन या."

"मी? मॅडम, मला... मला लागली नाही."

"मी थांबते."

मॅनेजरनी आमच्याकडं पाहिलं. कोणी नजर दिली नाही. टमरेलातलं पाणी त्यांच्या बुटावर सांडायला लागलं.

मग कांताबाईनं पदर खोचला आणि म्हणाली,

"चला साहेब, लाजू नका. आमी आडोसा धरतो!"