तुटलेल्या सुईचं कारण

आमच्या लाइनची इन्चार्ज म्हणजे कात्री. नाव आम्हीच ठेवलेलं, तिच्या जिभेवरून. बाळांचे कपडे शिवणाऱ्या या कारखान्यात ती हेल्पर म्हणून लागली, इन्चार्ज झाली आणि आम्हाला धारेवर धरू लागली. मला तिचा राग यायचा, लपवत नाही.

सुई तुटली की सगळे तुकडे तिच्याकडे द्यायचे. ती ते वहीत चिकटवते, कारण लिहिते, मगच नवी सुई देते. एखादा तुकडा कपड्यात राहिला तर तो बाळाच्या अंगात जायचा.

त्या दुपारी परगावाहून आलेल्या विधवेच्या मशीनवर कात्रीला वहीत नोंद नसलेली नवी सुई दिसली, बाईने गुपचूप बसवलेली. बाईने मूठ उघडली. आत तुटक्या सुईचा तुकडा होता, टोक नव्हतं. तिच्या दोन लेकरांचं पोट या मशीनवर होतं.

मॅनेजर तरातरा आला. "हिला आत्ताच घरी पाठवा. आणि माल भरा, गाडी ताटकळलीये."

"टोक सापडेपर्यंत गाडीच्या कागदावर माझी सही नाही," कात्री म्हणाली आणि बाईकडे वळली. "सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला भिऊन, ताई."

मंगळवारी याच कात्रीने एकीला तुटकी सुई हातात देऊन तासभर सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आम्ही हसलो होतो, मीसुद्धा. आता माझी मलाच लाज वाटली.

बाईने त्या दिवशी शिवलेली साठ झबली आम्ही एकेक करून चुंबकाखाली धरली. एकेचाळिसाव्याच्या गळपट्टीत टोक सापडलं. माझा जीव भांड्यात पडला, पण मॅनेजर वहीवर बोट ठेवून उभाच होता. "कारण लिहा, निष्काळजीपणा. कामावरून कमी."

कात्रीने लिहिलं ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं. सुई तुटली. माझ्या धाकाने लपवली. चूक इन्चार्जची. खाली सही.

"हे तुमच्या अंगाशी येईल," मॅनेजर म्हणाला.

"येऊ दे. पवित्र शास्त्रात देवाने आपल्या लोकांना बजावलंय, तुम्हीही कधी गुलाम होता, विधवेला आणि परक्याला छळू नका, त्यांनी हाक मारली तर मी ऐकेन. साहेब, मला त्याची भीती वाटते."

संध्याकाळी कात्रीच्या नावाने 'कारणे दाखवा' नोटीस आली. बाईचं काम मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईची पुन्हा सुई तुटली. ती उठली आणि उघड्या तळहातावर तुकडे घेऊन सगळ्यांसमोरून चालत गेली. मशीनं थांबली. कात्रीने तुकडे जोडून पाहिले, मग तिचा हात उजेडाकडे वळवला.

"बोटात नाही ना गेली?"